इंग्लंडच्या खडूच्या टेकड्या : साउथ डाउन्सच्या पायवाटा

डोंगरवाट (धागाकर्ती)

इकडे नव्याने आलेल्या मंडळींचा एक प्रश्न दर उन्हाळ्यात येतो : "लेक डिस्ट्रिक्ट लांब पडतं, वेल्स त्याहून अडचणीचं. लंडनहून सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल असा डोंगर आहे का?" आहे. आणि त्याच्यावर मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला, ज्यांना शंका आहेत त्यांनी विचारा.

लंडनच्या दक्षिणेला रेल्वेने तास-सव्वा तासावर साउथ डाउन्स नावाची टेकड्यांची रांग आहे. हॅम्पशायरमधल्या विंचेस्टरपासून सुरू होते, सगळं ससेक्स पार करते आणि ईस्टबोर्नजवळ समुद्रात कोसळते. या रांगेच्या माथ्यावरून जाणारी साउथ डाउन्स वे ही वाट १०० मैलांची, म्हणजे १६० किमी. ती १९७२ मध्ये खुली झाली तेव्हा ईस्टबोर्नपासून ससेक्सच्या पश्चिम सीमेपर्यंतच होती, विंचेस्टरपर्यंतचा तुकडा नंतर जोडला. पूर्ण वाट एका दमात करणारे साधारण आठवडाभर चालतात. आपल्यासारख्यांना ती तुकड्या-तुकड्यांनी करणं सोयीचं, कारण खाली रेल्वे स्टेशनं आहेत. अँबर्ली आणि साउथईज ही दोन तर जवळजवळ वाटेवरच.

उंची फार नाही. वाटेवरचा सगळ्यात उंच माथा बटसर हिल, २७० मीटर. डिचलिंग बीकन २४८ मीटर. पण ही रांग दोन्हीकडून सारखी नाही. उत्तरेकडची बाजू एकदम तुटलेली आहे, तिकडून चढताना धाप लागते. दक्षिणेकडे मात्र लांबच लांब गवताळ उतार समुद्राकडे पसरत जातो. माथ्यावर पोचलात की दिवसभर एका हाताला वील्डचं झाडीने भरलेलं सखल खोरं आणि दुसऱ्या हाताला इंग्लिश चॅनल. मध्ये आडवं काहीच नाही. चंडोल पक्षी डोक्यावर उंच जाऊन एकसारखे गात असतात. एप्रिल ते जून तर तो आवाज थांबतच नाही.

आता मला सगळ्यात जास्त ज्याच्याबद्दल बोलायचंय ते. या टेकड्या बहुतांशी कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या आहेत. शेतं आहेत, कुरणं आहेत, मोठमोठ्या इस्टेटी आहेत. तरी त्यांच्या मधून तुम्ही चालू शकता, आणि तेही कुणी परवानगी दिली म्हणून नव्हे. तो तुमचा हक्क आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल आहेत. गावातून चर्चकडे, शेतातून गिरणीकडे, कुरणातून बाजाराकडे माणसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली म्हणून त्या तयार झाल्या आणि कायद्याने त्या टिकवल्या. इथे नागरिक असण्याची अट नाही, व्हिसा कुठला ते कुणी विचारत नाही. काल हीथ्रोला उतरलेल्या माणसाचाही त्या वाटेवर तेवढाच हक्क, जेवढा शेजारच्या गावात जन्मलेल्याचा. आपली माणसं हे ठाऊक नसल्यामुळे फाटकापाशी थबकतात आणि मागे फिरतात, ते मला फार खटकतं.

खुणा ओळखायला सोप्या. लाकडी खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा. ओकच्या फळाचं चित्र दिसलं की ती राष्ट्रीय पदभ्रमण वाट, साउथ डाउन्स वेवर सगळीकडे हेच चित्र. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, केशरी कव्हरचा, १:२५,००० प्रमाणाचा घ्या. त्यात पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात, शेताचं प्रत्येक कुंपणसुद्धा दिसतं. फोनवर ॲप आहेच, पण उत्तरेकडच्या उताराखाली रेंज जाते, तेव्हा कागद बरा.

मार्गांचं पुढच्या प्रतिसादांत लिहिते.

---

रानपाखरू

वा, या विषयावर धागा हवाच होता. मी ब्रायटनला असते, त्यामुळे डाउन्स म्हणजे घराची मागची बाजू.

सगळे वर जाऊन दूरचं बघतात. माझी विनंती आहे की जूनमध्ये गेलात तर एकदा गुडघे टेकून गवत बघा. डिचलिंग बीकनच्या उतारावर किंवा डेव्हिल्स डाइकमध्ये, जिथे नांगर कधी लागला नाही अशा जागी. हातभर जागेत थाइमचे जांभळे ठिपके, पिवळी ट्रीफॉइल, लहानशी पांढरी आयब्राइट, काकडीच्या वासाची सॅलड बर्नेट, मधूनच एखादं ऑर्किड. एका चौरस मीटरमध्ये चाळीसच्या आसपास जातींची झाडं सापडू शकतात. गोल डोक्याचं गडद निळं रॅम्पियन दिसलं तर तुम्ही नशीबवान, ते ससेक्सचं मानाचं फूल. हात जमिनीवर टेकलात तर थाइमचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो.

हे सगळं कशामुळे, तर माती फार थोडी आणि फार गरीब आहे. इंच-दोन इंच माती, खाली थेट खडू. जोमदार गवतांना तिथे पोसवत नाही, म्हणून ती इतरांना दाबून टाकत नाहीत. कासच्या पठारावर जांभ्यावर जो पातळ थर आहे, तिथेही हेच घडतं. ज्यांनी कास पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. आणि दुसरं कारण मेंढ्या. शतकानुशतकं त्यांनी हे गवत कुरतडून बुटकं ठेवलं. चराई बंद झाली की काटेरी हॉथॉर्न आणि झुडपं चढतात आणि फुलं जातात. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी बरीच कुरणं नांगरली गेली, ती परत आली नाहीत. म्हणून वाटेत मेंढ्या दिसल्या तर त्यांना घाबरवू नका, त्या तिथे कामावर आहेत.

---

सह्यवेडा

छान लिहिलंय ताई. मी पुण्याहून येऊन अजून वर्ष झालं नाही. दोन शंका.

एक, २५० मीटरला डोंगर म्हणायचं का? राजगड-तोरणा केलेल्याला तिथे काय मिळणार? चेष्टा नाही करत, खरंच विचारतोय.

दोन, वाटेवर 'प्रायव्हेट' अशा पाट्या जागोजागी दिसतात. मागच्या महिन्यात एका गावाजवळ बाण सरळ गव्हाच्या शेतात जात होता आणि पीक कमरेएवढं उभं. अशा वेळी काय करायचं? कडेने फिरून जायचं ना? पीक तुडवणं मनाला पटत नाही.

---

डोंगरवाट

@सह्यवेडा, दुसरी शंका आधी घेते, ती महत्त्वाची आहे.

'प्रायव्हेट' पाटी बहुधा वाटेच्या बाजूच्या जमिनीबद्दल असते. वाट सोडून इकडे तिकडे जाऊ नका, एवढाच तिचा अर्थ. बाण जिकडे दाखवतो तिकडे जा.

पिकाचं म्हणाल तर, वाट नकाशावर शेताच्या मधून जात असेल तर मधूनच चालायचं. कायद्याने शेतकऱ्यावर जबाबदारी आहे : पेरणीसाठी नांगरलं तर १४ दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी करायची आणि पीक उगवल्यावर शेतातून जाणारी पायवाट निदान १ मीटर रुंद मोकळी ठेवायची. शेताच्या कडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही, ती दीड मीटर. चांगले शेतकरी ट्रॅक्टरने ती पट्टी आधीच मोकळी करून ठेवतात. गव्हातून किंवा पिवळ्याधमक मोहरीसारख्या रेपमधून सरळ रेघ गेलेली दिसते ती हीच. जिथे केलेली नसते तिथे तुम्ही वाटेच्या रेषेवरून एकामागे एक चालत गेलात तर चूक तुमची नाही. उलट कडेने फिरलात तर तुम्ही हक्क नसलेल्या जमिनीवरून जाता आणि पीक तिकडचं तुडवलं जातं. मोडकं फाटक, कुलूप, तारा असं काही दिसलं तर त्या काउंटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर कळवता येतं. ठिकाण नकाशावर दाखवायची सोय असते. मी कळवते, आणि कामं होतात, वेळ लागतो पण होतात.

मला तुमची पीक न तुडवण्याची भावना कळते, ती शेती बघत वाढलेल्या माणसाची आहे. पण इथे वाट वापरात राहणं हेच तिचं संरक्षण आहे. एखाद्या वाटेवर लोक वीस वर्षं बिनहरकत, हक्काने चालत राहिले तर ती सार्वजनिक वाट मानली जाते, असं १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये आहे. न चालल्यामुळे वाट कायद्याने मरत नाही, पण झुडपांनी भरते, लोकांच्या विस्मरणात जाते.

आणि हे आपोआप मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला उत्तरेतल्या किंडर स्काउट या डोंगरावर कारखान्यांतले तरुण कामगार शेकड्यांनी मुद्दाम घुसले, कारण जमीनदारांनी शिकारीसाठी तो बंद ठेवला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, त्यातच प्रत्येक काउंटीने हक्काच्या वाटांचा अधिकृत नकाशा करायचा असं ठरलं. साउथ डाउन्सचं नाव राष्ट्रीय उद्यानांच्या पहिल्या यादीत १९४७ पासून होतं. प्रत्यक्षात उद्यान व्हायला २०१० उजाडलं.

पहिल्या शंकेचं उत्तर दुसऱ्या कुणी द्यावं, माझं मत एकांगी होईल.

---

दगडधोंडे

@सह्यवेडा, मी उत्तर देतो. मीही हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर वाढलेला.

राजगड तुमच्याकडून जे मागतो ते इथे कुणी मागत नाही. कातळ नाही, शिडी नाही, घळ नाही. इथे मिळते ती लांबी. वीस-पंचवीस किलोमीटर एका लयीत चालायचं, एकामागून एक उतार-चढ, थांबावंसं वाटत नाही. सीफर्ड ते ईस्टबोर्न एकदा करून बघा, साधारण २२ किमी. मधल्या सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवर प्रत्येक खळग्यात पूर्ण उतरायचं आणि पूर्ण चढायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला खडूचा सगळ्यात उंच सागरी कडा. संध्याकाळी पोटऱ्या बोलायला लागतात.

एक सूचना कळकळीची. त्या कड्याच्या टोकाला जाऊ नका. वरून हिरवळ सपाट दिसते पण खाली खडू पोखरलेला असतो आणि सज्जा अधांतरी असतो. हा किनारा दर वर्षी मागे सरकतोय, बर्लिंग गॅपला तटरक्षकांसाठी बांधलेल्या घरांच्या ओळीतली काही घरं एकेक करून पाडावी लागली. फोटोसाठी काठावर पाय सोडून बसलेली माणसं दिसतात, पोटात गोळा येतो. निदान पाच मीटर आत राहा, आणि खालून चालत असाल तर कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका.

आता माझ्या आवडीचं. हा खडू म्हणजे उबदार समुद्राच्या तळाशी साचलेली सूक्ष्म शैवालांची कवचं. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी साचायला लागली आणि कोट्यवधी वर्षं साचत राहिली. आपला दख्खनचा लाव्हा त्यानंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे बीची हेडचा कडा तयार होऊन तळाशी पडला होता तेव्हा हरिश्चंद्रगडाचा दगड अजून वितळलेलाही नव्हता. खडूत मधूनमधून काळ्या गारेचे थर दिसतात, ती चकमक. अश्मयुगातल्या माणसांनी वर्दिंगजवळच्या सिसबरी टेकडीत तिच्यासाठी खाणी खणल्या होत्या. ससेक्समधल्या चर्चच्या आणि घरांच्या भिंतीही याच गारेच्या.

आणि पाण्याचं नीट लक्षात घ्या. माथ्यावर एकही ओढा मिळणार नाही. पाऊस कितीही पडो, खडू ते सगळं पिऊन टाकतो. पाणी खाली उतरतं आणि जिथे खडूखाली चिकणमाती लागते तिथे पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं. म्हणूनच उत्तरेच्या पायथ्याला गावं माळेसारखी एका ओळीत आहेत, प्रत्येक गाव आपापल्या झऱ्यावर. फुल्किंगला तो झरा रस्त्याकडेलाच धो धो वाहताना बघता येतो. वर मेंढपाळांनी गुरांसाठी तळी केली, तळाला चिकणमाती चोपून. त्यांतली काही अजून आहेत. आपल्यासाठी काही ठिकाणी नळ बसवलेत, पण उन्हाळ्यात दोन लिटर घरून घेऊनच निघा.

---

थेम्सकाठ

@दगडधोंडे यांनी पाण्याचा विषय काढलाच आहे तर एक जागा सांगतो. साउथ डाउन्समध्ये नाही, चिल्टर्न टेकड्यांत आहे, पण खडू तोच आणि अडचणही तीच. रेडिंग, स्लाउ, मेडनहेडकडे आपली बरीच मंडळी राहतात, त्यांना हे जवळ.

स्टोक रो नावाचं टेकडीवरचं छोटं गाव. तिथे रस्त्याला लागून एक विहीर आहे, वर सोनेरी कळसाचा घुमट, खाली लोखंडी खांब आणि मधोमध रहाटावर एक सोनेरी हत्ती. काशीच्या महाराजांनी बांधून दिली. एडवर्ड अँडरटन रीड हा अधिकारी बनारसकडे नोकरीला होता. तो या भागातला. लहानपणी आपल्या गावांत पाण्याचे कसे हाल होत, घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका मुलाला आईने कसं मारलं, हे त्याने महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितलं होतं असं म्हणतात. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. १८६४ मध्ये विहीर गावासाठी खुली झाली. खोली ३६८ फूट, सगळी माणसांनी हाताने खणलेली. खडूत पाणी इतकं खाली असतं. पुढे कित्येक दशकं गावाने तेच पाणी प्यायलं, फुकट.

काठावर उभं राहून आत बघितलं की तळ दिसत नाही. १८५७ ची आग पुरती विझली नव्हती त्या काळात बनारसच्या राजाने इंग्लंडमधल्या खेड्याला पाणी द्यावं, याचा मी तिथे उभा राहून बराच वेळ विचार करत होतो.

आजूबाजूला बीच नावाच्या झाडांची जंगलं, त्यांतून वाटा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यांत जमीन ब्लूबेलने निळी होते. आणि वर रेड काइट. हा शिकारी पक्षी इंग्लंडमधून नामशेष झाला होता, १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली. आता मान वर केली की दिसतो.

---

बखर

थेम्सकाठ, अप्रतिम माहिती. याच धाग्यात छत्रीचा उल्लेख व्हायलाच हवा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांना ब्रायटनला आणत. तिथला रॉयल पॅव्हेलियन नावाचा राजवाडा डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत त्यांचं इस्पितळ होता. धर्म आणि जात सांभाळून नऊ वेगळी स्वयंपाकघरं चालत. जे वाचले नाहीत त्यांच्यातल्या मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं आणि हिंदू व शीख शिपायांना ब्रायटनच्या वर, पॅचमजवळच्या उघड्या टेकडीवर अग्नी दिला. असे ५३ जण. जिथे चिता रचल्या तिथेच पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. ज्या चौथऱ्यांवर दहन झालं ते समोरच ग्रॅनाइटच्या शिळांखाली आहेत, आणि २०१० मध्ये त्या ५३ जणांची नावं कोरलेली भिंत जवळच उभारली. छत्रीवरच्या कोरीव लेखात हिंदी, पंजाबी आणि उर्दू आहे.

तिथे मोटार जात नाही. चालतच जावं लागतं, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. क्लेटनच्या जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्यांपासून साउथ डाउन्स वे सोडून दक्षिणेकडे उतरत गेलात तर तासाभराची वाट. दर जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. नावं मोठ्याने वाचा. मी वाचतो. इतक्या लांब, मेंढ्यांच्या कुरणात, त्यांची नावं आपल्या जिभेवर नीट येतात.

कॉट्सवोल्ड्सकडे राहणाऱ्यांसाठी आणखी एक. बोर्टन-ऑन-द-हिलपासून लाँगबरोकडे जाणारी सार्वजनिक वाट सेझिनकोट इस्टेटीतून जाते. हिरव्या इंग्लिश कुरणात अचानक तांब्याच्या हिरवट घुमटाचा मुघल धर्तीचा वाडा. कंपनीच्या पैशाने गब्बर होऊन आलेल्या चार्ल्स कॉकरेलने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आपल्या वास्तुविशारद भावाकडून बांधून घेतला. जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्ज पुरला आहे, तोच, सालबाईच्या तहावेळचा गव्हर्नर जनरल. १८१८ च्या ऑगस्टमध्ये गेला, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करल्यावर दोन-तीन महिन्यांतच. या टेकड्यांतून चालताना आपला इतिहास असा अधूनमधून समोर येतो. त्याकडे पाठ फिरवू नये.

---

मोगरा_कळी

सगळे प्रतिसाद सेव्ह करून ठेवतेय. माझे सासू-सासरे नाशिकहून जुलैत येताहेत, दोघंही सत्तरीतले, रोज गंगेवर फिरायला जाणारे पण सासूबाईंचे गुडघे दुखतात. शिवाय बाबागाडीतलं बाळ. आम्हाला झेपेल असं काही?

---

रानपाखरू

@मोगरा_कळी, नक्की आहे.

पहिला पर्याय डेव्हिल्स डाइक. ब्रायटनहून ७७ नंबरची बस थेट माथ्यावर नेते, चढायचं काहीच नाही. बसमधून उतरलं की समोर अख्खं वील्ड. बाकावर बसून आईंना तासभर नुसतं बघता येईल. डाइक म्हणजे बर्फयुगाच्या शेवटी वाहून गेलेली खोल कोरडी दरी, ती वरूनच पाहा, आत उतरू नका, परतीचा चढ गुडघ्यांना जड जाईल. बस रोज किती आणि कधी हे ऋतूप्रमाणे बदलतं, आदल्या दिवशी बघून घ्या.

दुसरा, आणि माझा आवडता, एक्सीटहून ककमियर नदीकाठाने समुद्रापर्यंत. वाट सपाट, बाबागाडी जाते. नदीची जुनी वळणं डाव्या-उजव्या हाताला पसरलेली, त्यांत बगळे, आणि शेवटी गोट्यांचा किनारा. सेव्हन सिस्टर्स खालून दिसतात. ब्रायटन-ईस्टबोर्न बस एक्सीटला थांबते. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आत. वारा मात्र जुलैतही बोचतो, आईंसाठी स्कार्फ आणि वारा अडवणारं जाकीट हवंच.

फाटकांचं सांगते. डोंगरातल्या पायवाटांवर लाकडी पायरीवरून ओलांडायची कुंपणं असतात, ती वयस्कांना नकोत. निवडलेल्या वाटेवर अशी कुंपणं नाहीत ना, ते उद्यानाच्या संकेतस्थळावर कळतं, बाबागाडी-चाकाची खुर्ची जाईल अशा वाटा त्यांनी वेगळ्या दिल्या आहेत.

---

नवी_वाट

आमच्याकडे कुत्रा आहे आणि दोन शाळकरी मुलं. गाईंचं ऐकून भीती वाटते. इथे गाईंनी माणसं तुडवल्याच्या बातम्या येतात.

---

डोंगरवाट

@नवी_वाट, भीती अनाठायी नाही. आपण गाईला गरीब समजतो, पण वासरं बरोबर असलेली गाय कुत्र्याला लांडगा समजते. मे-जूनमध्ये जास्त जपा. कुत्रा आखूड दोरीवर, कळप आणि वासरं यांच्या मधून कधीही जायचं नाही, लांबून वळसा. कळप अंगावर आलाच तर कुत्र्याची दोरी सोडून द्या. तो पळून वाचतो, गाई त्याच्या मागे जातात. आपण धरून ठेवलं तर त्या आपल्यावर येतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की पळायचं नाही, ओरडायचं नाही, फाटकाकडे शांतपणे चालायचं.

फाटक जसं होतं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद. मुलांना तेच काम द्या, फाटक लावायला त्यांना आवडतं. चुंबन-फाटक म्हणतात त्या अर्धगोलातल्या दारात मोठी सॅक अडकते. आत शिरून सॅक कोपऱ्यात दाबायची, दार आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि मग बाहेर पडायचं. एकावेळी एकच माणूस, म्हणून पाच जणांच्या कुटुंबाला तिथे पाच मिनिटं लागतात. मागचे लोक थांबतात, 'थँक यू' म्हणा आणि सावकाश जा.

आणखी एक, गोचीड. उंच गवत आणि नेच्यांमधून गेल्यावर घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. चिमट्याने त्वचेला चिकटून धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, तेल-काडी काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत चावलेल्या जागी पसरत जाणारं लाल कडं उठलं किंवा तापासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरकडे जाऊन गोचीड चावल्याचं सांगा. लाइम आजार वेळेवर औषध घेतलं तर बरा होतो.

---

वळचण

एक वेगळा मुद्दा मांडते. गेल्या उन्हाळ्यात सेव्हन सिस्टर्सला आपल्याच देशातला पन्नासेक जणांचा गट भेटला. स्पीकरवर गाणी, वाट सोडून गवतावर पसरलेले, वेफर्सच्या पिशव्या वाऱ्यावर. एक इंग्लिश आजी-आजोबा काही न बोलता पिशव्या गोळा करत होते. मी आणि माझा मुलगा त्यांच्याबरोबर वाकलो. वर ताईंनी हक्काचं लिहिलं, ते पूर्ण पटतं. म्हणूनच वाईट वाटलं. कृपया मोठे गट नेणाऱ्यांनी आधी चार गोष्टी सांगाव्यात : स्पीकर नको, कचरा परत घरी, आणि पंधरा-वीसहून जास्त माणसं असतील तर दोन वाटांनी जा.

---

दगडधोंडे

+१ वळचण. सिंहगडावर आपण जे सहन करतो ते इथे नेऊ नये, आणि खरं म्हणजे सिंहगडावरही करू नये.

---

सह्यवेडा

सगळ्यांचे आभार. वाटेच्या हक्काचं डोक्यात पक्कं बसलं. या शनिवारी जायचं ठरवतोय, तिघं जण, कुणाकडे गाडी नाही. लंडनहून एक दिवस, १५ किमीच्या आसपास. छत्रीपर्यंत जाता आलं तर उत्तम. जेवणाचं काय करू? आम्ही तिघंही शाकाहारी.

---

डोंगरवाट

@सह्यवेडा, मग हॅसॉक्स ते लुईस करा, रेल्वेने जाऊन दुसऱ्याच स्टेशनवरून परत. दोन्हीकडे लंडनहून थेट गाड्या आहेत. तिकीट मात्र आधी नीट विचारून घ्या, जाताना एक स्टेशन आणि येताना दुसरं असल्यामुळे. आणि शनिवारी रुळांची कामं निघतात, तेही तपासा.

हॅसॉक्सहून दक्षिणेकडे क्लेटन गाव, तिथून तिरकी वाट चढून जॅक आणि जिल पवनचक्क्या. एवढाच काय तो खरा चढ. छत्रीला जायचं असेल तर इथूनच दक्षिणेला उतरा आणि परत त्याच वाटेने वर या. त्याने दिवसात आठेक किलोमीटर वाढतील, म्हणून नऊच्या आत हॅसॉक्सला उतरा. मग पूर्वेकडे माथ्यावरून डिचलिंग बीकन. तिथे बऱ्याचदा आइस्क्रीमची गाडी असते, तिच्यावर जेवणाचा भरवसा ठेवू नका. पुढे ब्लॅककॅप टेकडी, आणि तिथे साउथ डाउन्स वे सोडून लुईसकडे उतरा. त्या उतारावर १४ मे १२६४ ला बंडखोर सरदार सायमन डी माँटफर्टने इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीला हरवलं. वरून खाली बघितलं की त्याने उंचवटा आधी का गाठला ते कळतं.

जेवण बरोबर न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ वाऱ्यात मऊ राहतं आणि हाताने खाता येतं. लुईसला पोचल्यावर पबमध्ये चीजबरोबरचा भाजलेला बटाटा किंवा ब्रेड-चीज-लोणच्याचं ताट मिळतं. चिखलाचे बूट दाराशी काढून मोज्यांवर आत गेलात तर मालक खूश होतात. रात्री पाऊस झाला तर क्लेटनचा चढ जपून करा, ओला खडू साबणासारखा निसटतो, सपाट तळाचे रनिंग शूज चालणार नाहीत.

छत्रीकडे वळायचा फाटा नकाशाशिवाय चुकू शकतो. ब्रायटन-लुईसचा केशरी नकाशा ओएल११ नंबरचा, त्यात सगळी वाट एकाच पानावर येते. लंडनमधल्या बऱ्याच वाचनालयांत हे नकाशे घरी न्यायला मिळतात, तुमच्या भागातल्या वाचनालयात शुक्रवारपर्यंत विचारून बघा.